उष्टा सूर

पडदा वर जातो. रंगमंचावर एकच खुर्ची आहे, तीही धड खुर्ची नव्हे, अर्धा पलंग. वरून चेहऱ्यावर रोखलेला दिवा. इतका प्रखर, की उभं आयुष्य वरातीतल्या गॅसबत्त्यांच्या उजेडात काढलेल्या माणसानंही डोळे मिटावेत. डाव्या हाताला लहानसं बेसिन आणि त्यात गोल गोल फिरणारी पाण्याची बारीक धार. उजव्या हाताला ट्रे, ट्रेमध्ये ओळीनं मांडलेली चकचकीत हत्यारं. खिडकीखाली नारायण पेठेतली दुपार चालू आहे. ‘फाटकासमोर गाडी लावू नये’ असं तीन ठिकाणी लिहिलेल्या फाटकासमोर कुणीतरी गाडी लावली आहे, आणि एक म्हातारा आवाज त्याला अत्यंत शांतपणे विचारतो आहे, की आपल्याला वाचता येत नाही का वाचायचं नाही.

खुर्चीत चांदभाई आहेत. वय चौसष्ट. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानात अत्तराचा फाया आणि नाकाशी रुमाल. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायला उभे राहिले, की वरातीतली माणसं नाचायची थांबून ऐकत, असा त्यांचा लौकिक. पण बँडवाल्यांमध्ये त्यांचा दुसराही एक लौकिक होता, आणि तो जास्त जुना होता. या माणसाला कशाचीही किळस येते.

अशी किळस न येणारी गोष्ट पुण्यात शोधावीच लागली असती. जिन्याच्या कोपऱ्यातल्या पानाच्या पिचकाऱ्या पाहिल्या की ते कठड्याला हात न लावता मधोमध चढायचे. मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला खरकट्याचा ढीग असतो, तिथूनच नेमकी बँडवाल्यांना वाट असते. ते श्वास कोंडून पळत जायचे. हॉटेलातला पोऱ्या पाण्याच्या पेल्यांत बोटं बुडवून चार पेले एकदम आणतो, म्हणून स्वतःचा स्टीलचा पेला पिशवीत. बँडचे लाल कोट सगळ्यांचे एकत्र एका पेटीत राहायचे, चांदभाईंचा तेवढा घरी, खुंटीवर, स्वतःच्या हातानं धुतलेला. खुळखुळा वाजवणारा भैरू त्यांना नवाब म्हणायचा. तो म्हणे, चांदभाय जन्मले तेव्हा त्यांनी आधी सुईणीच्या हाताचा वास घेतला असणार आणि मगच रडले असणार.

आणि आता घाण त्यांच्याच तोंडात होती.

मार्गशीर्षातली गोष्ट. कोथरूडला एक वरात होती. नवरदेव घोड्यावरून उतरायचा आणि क्लॅरिनेटनं वरच्या षड्जावर जाऊन थांबायचं, हा ठरलेला प्रवेश. चांदभाई वर गेले, थांबले, आणि त्याच क्षणी वरचा पुढचा दात आतल्या आत सरकला. दुखलं काहीच नाही. पण तोंडात काहीतरी कोमट, खारट, घाणेरडं उतरलं. त्यांनी वाद्य खाली घेतलं. रीडवर, म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाला बांधतात त्या बोरूच्या पातळ पट्टीवर, पिवळा ओघळ होता. चांदभाई बँडच्या गाडीमागे गेले आणि भडाभडा ओकले. उरलेली वरात ट्रंपेटनं निभावून नेली.

पाठीवर हात ठेवायला भैरू आला. तो मूळचा लोणी काळभोरचा, वयानं बरोबरीचा, आणि एकेकाळी तोही क्लॅरिनेट वाजवायचा. पंधरा वर्षांपूर्वी त्याचे पुढचे दोन दात असेच हलायला लागले होते. त्यानं ते उपटून टाकले आणि कवळी बसवली. क्लॅरिनेटच्या माउथपीसवर, म्हणजे तोंडात धरायच्या त्या काळ्या तुकड्यावर, वरचे पुढचे दात रोवून धरावे लागतात. सगळा डोलारा त्या दोन दातांवर. भैरूनं कवळी रोवली आणि फुंकर मारली, तर सुराच्या आधी शिटी वाजली. सहा महिने त्यानं झटापट केली. मग मुकाट्यानं खुळखुळा हातात घेतला. बँडमध्ये सगळ्यांत शेवटी चालतो तो खुळखुळेवाला. त्याला कुणी ओळखत नाही, फोटोत तो अर्धा कापला जातो.

भैरू म्हणाला, ‘‘उपटू नका, चांदभाय. माझं काय झालं, बघताय न्हवं रोज. पैला डॉक्टर म्हनंल उपट, तर दुसरा गाठा. दुसरा म्हनंल उपट, तर तिसरा.’’

पहिले दोघं खरंच उपटा म्हणाले. तिसऱ्या म्हणजे डॉक्टर उत्कर्षा.

वयानं चांदभाईंच्या मुलीएवढी, बोलायला मोजकी. तिनं दातावर बर्फासारखा गार बोळा धरून काही जाणवतं का विचारलं; काही जाणवलं नाही. हिरडी आणि दात यांच्यामध्ये बारीक सळई घातली, ती जात जात इतकी आत गेली की चांदभाईंना वाटलं आता नाकातून निघते. फोटो काढला. इतका खराब झाला आहे तर दात दुखत कसा नाही, असं चांदभाईंनी विचारलं.

‘‘मेलेला माणूस तक्रार करत नाही, काका,’’ ती म्हणाली.

मग तिनं पडद्यावर फोटो दाखवला. मुळाच्या टोकाशी एक काळा गोळा. आणि हिरडीपासून मुळाच्या कडेनं चढत गेलेली एक काळी रेघ, थेट त्या गोळ्याला जाऊन मिळालेली. तिनं समजावलं, की दाताच्या आतली नस मेली आहे आणि कुजते आहे, तो हा गोळा. बाहेरून हिरडीचा आजार हाड खात वर चढला आहे, ती ही रेघ. एक घर दोन्हीकडून पेटलं आणि दोन्ही आगी माजघरात भेटल्या, असं झालं आहे. एक विझवून भागणार नाही.

दात कसे घासता, हे तिनं विचारलं तेव्हा चांदभाई जरा ताठ बसले. हा त्यांचा प्रांत होता. दिवसातून दोनदा, आरशात बघून, काळं दंतमंजन बोटावर घेऊन. ब्रश नाही, त्या केसांत काय काय साठून राहतं, विचारानंही शहारा येतो. तिनं हातात आरसा दिला. दात बाहेरून खरंच मोत्यासारखे होते. तिनं ओठ जरा वर उचलला. हिरडीच्या कडेला पिवळट, दगडासारखा थर बसलेला होता, घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ बसतं तसा. इथे कधी बोट जात नाही का, तिनं विचारलं.

चांदभाईंनी आरसा मांडीवर पालथा ठेवला. मग सांगितलं. सहा वर्षांपूर्वी घासताना तिथून रक्त आलं होतं. बेसिनमध्ये गुलाबी थुंकी पडली, ती बघून दिवसभर अन्न गेलं नाही. तेव्हापासून ती जागा ते वगळतात. आजूबाजूनं घासतात, पण तिथे बोट लावत नाहीत.

‘‘म्हणजे रक्ताची किळस आली म्हणून हात लावला नाहीत,’’ ती म्हणाली, ‘‘आणि सहा वर्षं पू गिळलात.’’

एवढं बोलून तिनं हातमोजे बदलले आणि पुढचं सांगितलं. कापाकापी करणार नाही. दाताला मागून छोटं भोक पाडून आतली कुजकी नस काढायची, आत औषध भरून ठेवायचं. हिरडीखालचा सगळा थर खरवडून काढायचा. दात शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधायचा, आणि मग थांबायचं. घाण गेली की हाड कधी कधी आपणहून भरून येतं. तीन महिन्यांनी कळेल. नाही भरलं तर दात जाईल, आणि भरेलच असा शब्द ती देऊ शकत नाही. तोवर क्लॅरिनेटला हात लावायचा नाही.

आता चांदभाईंच्या मनात नुसती क्लॅरिनेट नव्हती. एप्रिलमध्ये त्यांची नात, मुलीची मुलगी मंतशा, बारा वर्षांची होणार होती. बारा पूर्ण झाली की तिला उष्टा सूर द्यायचा, असं त्यांनी वर्षभरापूर्वी कबूल केलं होतं. पोरगी तेव्हापासून दिवस मोजत होती.

उष्टा सूर ही त्यांच्या बँडमधली जुनी रीत. शिष्यानं आधी वर्षभर नुसती बोटं फिरवायची, फुंकायचं नाही. मग एके दिवशी चार वाजवणाऱ्या माणसांसमोर गुरू आपल्या वाद्यावर एक सूर लावतो, आणि तेच वाद्य, तसंच ओलं, न पुसता शिष्याच्या तोंडात देतो. शिष्याचा पहिला सूर गुरूच्या उष्ट्यातून निघतो.

चांदभाईंना तो दत्तूमास्तरांनी दिला होता. पूर्ण नाव दत्तप्रसाद, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारली नसेल. वरातीच्या घरी बँडवाल्यांना चहा यायचा, तेव्हा काही घरांत चांदसाठी कप वेगळा असायचा, कानतुटका, खिडकीत पालथा घातलेला. मास्तर ते बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. स्वतःचा चहा अर्धा प्यायचे आणि उरलेला कप चांदच्या हातात द्यायचे. चांद तेव्हा बारा वर्षांचा. असा पहिला कप दिला, त्यानंतर आठ दिवसांनी मास्तरांनी बँडच्या दुकानाच्या पायरीवर बसून सूर लावला, आणि माउथपीस काढून न घेता, थुंकीनं चमकणारी ती क्लॅरिनेट अख्खी त्याच्या तोंडात दिली. जगातल्या प्रत्येक उष्ट्याची शिसारी येणाऱ्या चांदला तेवढ्याची कधीच आली नाही. पुढे मास्तरांनी वाजवणं सोडलं तेव्हा माउथपीस त्यालाच दिला, आणि बजावलं, की रीड बदलत राहा, पण हा कधी पाण्यानं धुऊ नकोस, सूर धुऊन जातो. फडक्यानं पूस फक्त. चांदभाईंनी तेव्हापासून तो फडक्यानंच पुसला. ज्या माणसानं खुंटीवरचा कोटसुद्धा आठवड्याला धुतला, त्यानं हे एवढंच कधी धुतलं नाही.

पौष महिना होता, लग्नं नव्हती. पहिली बैठक ठरली.

भोक पडलं आणि वास सुटला. बँडच्या पेटीत एकदा उंदीर मरून पडला होता, पावसाळाभर कुणाला कळलं नव्हतं. पेटी उघडल्यावर जो भपकारा आला होता, त्याची आठवण झाली. फरक एवढाच, की त्या पेटीपासून पळता आलं होतं. स्वतःच्या तोंडातून माणूस उठून जाऊ शकत नाही. चांदभाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. घशाशी आलेलं त्यांनी दोनदा गिळलं. आणि तेवढ्यात त्यांना दुसरंच काहीतरी आठवलं. गेली दोन वर्षं त्यांची बायको रझिया झोपताना तोंड भिंतीकडे करते. पंख्याचा वारा डोळ्यांवर येतो म्हणाली होती. त्यांनी बिचाऱ्यांनी पंखा हलवून दुसरीकडे लावला होता. तरी ती भिंतीकडेच.

उत्कर्षा सुईसारख्या हत्यारानं आतून काळं, चिकट काहीतरी काढत होती, कापसाला पुसत होती, पुन्हा आत जात होती. तिच्या डोळ्यांत काहीच हललं नाही. मध्ये तोंड धुवायला थांबल्यावर चांदभाईंनी विचारलंच, तुम्हाला किळस येत नाही का?

‘‘येते ना,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणून तर साफ करते.’’

दुसऱ्या बैठकीला तिनं क्लॅरिनेट आणायला सांगितली होती. दातावर भार कुठे येतो ते तिला बघायचं होतं. चांदभाईंनी मखमलीची पेटी उघडली, माउथपीस जोडला, दातावर टेकवून दाखवला. तिनं तो काढून घेतला, दिव्याखाली धरला, आत बघितलं. आतल्या भिंतींवर तपकिरी खपली होती, थरांवर थर. तिनं तोंडावरचा मास्क खाली घेतला आणि वास घेतला. पहिल्यांदाच तिचं नाक मुरडलं.

हा कधी धुतला आहे, तिनं विचारलं. धुवायचा नसतो, चांदभाईंनी सांगितलं, आणि मास्तर, पायरी, उष्टा सूर, सगळं सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

‘‘दात याच्यामुळे गेला असं मी म्हणणार नाही,’’ ती म्हणाली, ‘‘तो तुम्ही न घासल्यामुळे गेला. पण मी तीन महिने खपून तोंड साफ करायचं, आणि तुम्ही पहिल्या दिवशी हे परत आत घालायचं. मग मी कशाला खपू? रोज धुवायचा. कोमट पाणी, साबणाचा थेंब, मऊ ब्रश. कोमट म्हटलंय, काका.’’

चांदभाईंनी पेटी बंद केली. त्या दिवशी हिरडी खरवडून घेतली, तार बांधून घेतली, आणि निरोप न घेता निघाले. नारायण पेठेतून घोरपडे पेठेत चालत जाईपर्यंत ते मनातल्या मनात भांडत होते. कालची पोर. मास्तरांना घाण म्हणाली. शब्दानं म्हणाली नाही, नाक मुरडून म्हणाली, ते जास्त लागलं. कानतुटका कप पालथा घालणाऱ्या बाया अशाच नाक मुरडायच्या.

घरी येऊन, कोमट पाण्याचा सल्ला रझियाला फणकाऱ्यानं ऐकवून ते मोरीत चूळ भरत होते. समोरच्या लहानशा आरशात मागची खोली दिसायची. मंतशा शाळेतून आली होती. तिनं पेटी उघडली. माउथपीस हातात घेतला. फुंकण्यासाठी नव्हे, डोळे मिटून नुसता ओठांजवळ नेला, नवी बांगडी हातावर धरून बघावी तसा. अजून दोन बोटांचं अंतर होतं.

‘‘हात लावू नकोस!’’

पोरीच्या हातातून माउथपीस गादीवर पडला. चांदभाई कधी ओरडायचे नाहीत. तिला कळेना आपलं काय चुकलं. ती म्हणाली, ‘‘नाना, तुम्हीच म्हणालात ना, एप्रिलमध्ये माझाच आहे.’’

चांदभाईंनी तो उचलला आणि नाकाशी नेला. इतकी वर्षं त्या वासाला ते सुराचा वास समजत आले होते. पेटी उघडली की तो यायचा, आणि बोटांना आपोआप जाग यायची. आज त्यांनी तो मन लावून घेतला. तो उंदराचा वास होता. दोन आठवड्यांपूर्वी त्यांच्या दातातून सुटला होता, तोच. आणि मग मास्तरांचं तोंड त्यांच्या डोळ्यांसमोर आलं, इतक्या जवळून की अंग आक्रसलं: काळ्या पडलेल्या हिरड्या, हसले की हलणारे दात. मास्तरांनी पन्नाशीतच वाजवणं सोडलं होतं. का सोडलं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. दम राहिला नाही, असं सगळे म्हणाले. दम होता. दात राहिले नव्हते.

हेच आपण नातीच्या तोंडात देणार होतो.

आता इथे शहाण्या माणसानं कोमट पाणी घेतलं असतं. पण एवढ्या जुन्या किळसीला कोमट पाणी पुरतं कुठे? चांदभाईंनी गॅसवर पातेलं चढवलं, पाण्याला खळखळून उकळी आणली, वर मूठभर सोडा टाकला, आणि माउथपीस आत सोडला. बरणी उकळून घेतात तसा.

दोन मिनिटांत स्वयंपाकघरात टायर जळल्याचा वास पसरला. पाणी पिवळं झालं. चिमट्यानं वर काढला तेव्हा तो काळा राहिला नव्हता. शेवाळासारखा हिरवट, तपकिरी झाला होता, आणि पुढचं टोक, जिथे दात टेकतात ते, उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखं वाकलं होतं. ते जुने माउथपीस एका जातीच्या रबराचे असतात, उकळत्या पाण्याशी त्यांचं जमत नाही. वाजवणाऱ्यांना हे माहीत असतं. पण ज्यानं आयुष्यभर पाणीच लावलं नाही, त्याला कसं माहीत असणार?

रझिया दारात उभी होती. तिनं पातेल्यात बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि हळूच विचारलं, डॉक्टरीणबाईंनी कोमट सांगितलं होतं ना? चांदभाई जमिनीवर बसले. मग तीही शेजारी बसली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं तोंड वळवलं नाही.

भैरू समाचाराला आला, जणू घरात कुणी गेलं होतं. त्यानं ते वाकडं हिरवं लाकूडफाट्यासारखं झालेलं प्रकरण हातात धरून उलटंसुलटं केलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण मास्तर त्याचेही होते. मग म्हणाला, ‘‘गेलं ते गेलं. दात हाय न्हवं अजून?’’

दात होता. तारेनं बांधलेला, औषधानं भरलेला, एखाद्या कैद्यासारखा. आणि चांदभाईंनी मऊ ब्रश आणला. उत्कर्षानं सांगितलं होतं की सुरुवातीला रक्त येईल, येऊ द्या, थांबू नका. रोज सकाळी आरशासमोर तो खेळ व्हायचा. ब्रश हिरडीला लागला की गुलाबी थुंकी, गुलाबी थुंकी दिसली की एक हात भिंतीवर, आणि दुसरा हात घासतोच आहे. ‘म्हणून तर साफ करते’ हे वाक्य ते मनात म्हणायचे, पाठ करून ठेवलेल्या संवादासारखं. पहिला आठवडा वाईट गेला. दुसऱ्यात रंग फिकट झाला. अकराव्या की बाराव्या दिवशी पाणी अगदी स्वच्छ पडलं. चांदभाईंनी रझियाला हाक मारली. ती हातातलं पीठ झटकत धावत आली, तर नवरा बेसिनकडे बोट दाखवून उभा. स्वतःची थुंकी लोकांना बोलावून दाखवणारा हा माणूस तिच्या ओळखीचा नव्हता. हसता हसता तिला ठसका लागला.

माघ आला, लग्नं सुरू झाली. बँड त्यांच्याविना जायचा. एकदा लक्ष्मी रस्त्यावर वरात आडवी आली. मागून बघितलं तर क्लॅरिनेट तरुण साईनाथच्या हातात होती, आणि तो वरच्या षड्जावर न थांबता नुसता शिवून खाली यायचा. चांदभाई फुटपाथवर उभे राहिले. ओठ आपोआप दातांवर दुमडले गेले होते, ते त्यांनी सोडले. शेवटच्या रांगेतून भैरूनं खुळखुळा उंच धरून हलवला. बघणाऱ्यांना वाटलं, रंगात आला आहे.

उत्कर्षानं मध्ये दोनदा आतलं औषध बदललं, आणि मार्चमध्ये आत कायमचं भरण करून भोक बुजवलं. बिघडलेला माउथपीस चांदभाईंनी तिला नेऊन दाखवला होता. ती काहीतरी तिरकस बोलेल म्हणून ते तयार होते. तिनं तो तळव्यावर घेऊन थोडा वेळ बघितला, कापसाच्या स्वच्छ तुकड्यात गुंडाळला आणि परत दिला. बस्स.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिनं नवा फोटो जुन्या फोटोशेजारी लावला. टोकाचा काळा गोळा धुक्यासारखा पुसट झाला होता. कडेची रेघ वरच्या बाजूनं भरत आली होती. खाली, हिरडीजवळ, थोडी शिल्लक होती. तिनं सांगितलं की हाड भरतं आहे, पण गेलेलं सगळं परत येणार नाही. दात किंचित हलत राहील, तारही राहील, दर तीन महिन्यांनी यावं लागेल. सध्या चाकू लावायची गरज दिसत नाही. रोज पंधरा मिनिटं वाजवा, त्याच्यावर एक मिनिट नको. चांदभाईंनी हात जोडले. तिनं त्या हातांकडे दुर्लक्ष करून पुढच्या पेशंटला आत बोलावलं, पण ती हसत होती.

त्यांनी दोन नवे माउथपीस आणले, एक स्वतःला आणि एक मंतशाला. नव्यावर पहिली फुंकर मारली तेव्हा दात थोडा हलला, आणि धरला. सूर लागला. जुन्या सुराचं वजन त्यात नव्हतं. नव्या चपलेसारखा तो सगळीकडे टोचत होता. पण शिटी वाजली नाही. चांदभाईंनी घड्याळ लावून पंधरा मिनिटं वाजवलं आणि थांबले.

मंतशाचा वाढदिवस आला. रविवार होता. बँडच्या दुकानाच्या त्याच पायरीवर सगळे जमले: दुकानाचे मालक रणजितराव, साईनाथ, भैरू, आणि ओढणी सावरत एका कडेला रझिया. मंतशानं नवा फ्रॉक घातला होता. बोटांवर तिनं वर्षभर नुसती हवा वाजवली होती.

चांदभाईंनी आपल्या क्लॅरिनेटवर सूर लावला. खालचा षड्ज, लांब, सरळ. मंतशानं दोन्ही हात पुढे केले.

चांदभाईंनी ती क्लॅरिनेट तशीच दिली नाही. त्यांनी स्वतःचा माउथपीस काढून खिशात ठेवला, नव्या डबीतून तिचा माउथपीस काढला, घरून धुऊन पुसून आणलेला, आणि तो जोडून वाद्य तिच्या हातात दिलं. साईनाथनं रणजितरावांकडे बघितलं. भैरू खाली बघायला लागला. मंतशाचा चेहरा पडला. तिला नवं नको होतं. नवं तर दुकानात कुणालाही मिळतं.

‘‘उष्टा नाही देणार, नाना?’’ तिनं विचारलं.

चांदभाईंनी नुसती मान हलवली, वाजव म्हणून. तिनं डोळे पुसले, ओठ दुमडला, दात टेकवले आणि फुंकलं. आधी वारा आला, मग बदकासारखा एक आवाज, आणि मग, तिच्या स्वतःच्याही ध्यानीमनी नसताना, सूर. कापरा, कोवळा, पण सूर. लाळेचा एक थेंब माउथपीसवरून तिच्या हनुवटीवर ओघळला.

चांदभाईंनी तिच्या हातातून वाद्य घेतलं. सगळ्यांना वाटलं आता खिशातून फडकं निघेल. अख्ख्या बँडमध्ये एकटा स्वतःचा पेला घेऊन फिरलेला माणूस तो. पण त्यांनी फडकं काढलं नाही. नातीच्या लाळेनं ओला झालेला तो माउथपीस त्यांनी तसाच तोंडात घेतला, वाचलेला दात त्यावर टेकवला, आणि तिनं जिथे सोडला होता तिथून सूर उचलला. षड्जापासून वर, वरच्या षड्जापर्यंत, आणि तिथे थांबले. बराच वेळ थांबले. बावन्न वर्षांपूर्वी याच पायरीवर मास्तरांनी न बोलता जे सांगितलं होतं, ते त्यांनी उलट्या दिशेनं सांगितलं. पोरीला ते समजलं असावं, कारण ती रडायची थांबली. भैरूनं खुळखुळा नसतानाही मनगट हलवलं.

मग चांदभाईंनी वाद्य खाली घेतलं, ओठ पुसला, आणि माउथपीस काढून तिच्या तळहातावर ठेवला.

‘‘आता घरी जाऊन धू हा,’’ ते म्हणाले. ‘‘कोमट पाण्यानं. कोमट म्हटलंय.’’